दुर्बिणीची तपासणी, व्हीआर चष्मा आणि मी

पाळी बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. सुटले एकदाची म्हणून कपाटातले उरलेले पॅड मी मुलीला देऊन टाकले होते. आणि एका सकाळी शाळेला निघायच्या घाईत कपड्यावर लाल डाग दिसला. अगदी थोडा. दुसऱ्या दिवशी काही नाही. मग आठवड्याभराने पुन्हा.

मी मुलुंडला राहते आणि दादरच्या शाळेत शिकवते. लेडीज डब्यात रोजच्या मैत्रिणी भेटतात, त्यांच्यापाशी विषय काढला. कुणी म्हणालं उष्णता झाली असेल, सब्जा घे. कुणी म्हणालं, जाता जाता पाळी अशी डोकावते. एकीच्या सासूबाईंना तर म्हणे वर्षभर असं जायचं, त्यांना काही झालं नाही. सगळ्या मायेनेच बोलत होत्या. पण हे मला प्रत्येकीच्या कानावर घालायचंय: पाळी सलग वर्षभर बंद राहिल्यानंतर अंगावरून रक्त गेलं, मग तो एक थेंब का असेना, डॉक्टरकडे जायचंच. अशा शंभर जणींत साधारण नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांना आतला कोरडेपणा, पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, असली साधी कारणं असतात. पण आपण कुठल्या बाजूला आहोत हे घरी बसून कळत नाही. आणि हा कॅन्सर लवकर हाती लागला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

परळच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात मी नाव काढलं. आतून सोनोग्राफी झाली. अस्तराची जाडी नऊ मिलिमीटर आली. डॉक्टर मॅडमनी कागदावर पिशवीचं चित्र काढून दाखवलं. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. शिवाय एका कोपऱ्यात पॉलिपसारखं काहीतरी दिसत होतं. म्हणजे अंदाजाने खरवडण्यात अर्थ नव्हता, दुर्बीण घालून नजरेनेच बघायला हवं होतं. त्याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. भूल न देता ओपीडीत होते, त्याच दिवशी घरी.

भूल न देता, हे ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले.

त्याला कारण होतं. धाकटी तीनेक वर्षांची असताना माझी पाळी थांबेना म्हणून एका नर्सिंग होममध्ये क्युरेटिंग केलं होतं. भूल पुरती चढायच्या आधीच सुरुवात झाली. मी ओरडले तेव्हा पायाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "दोन बाळंतपणं काढलीस ना, मग एवढ्याला काय होतंय?" दारावरचा पडदा अर्धा उघडा होता. कोणीतरी फाइल घ्यायला आत येऊन गेलं. मी तशीच टेबलावर. दुखलं ते मी विसरले असते. ते वाक्य आणि तो पडदा मात्र गेला नाही. त्यानंतर पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीच्या, नुसत्या नावाने मला घाम फुटायचा. स्टीलच्या ट्रेमध्ये काही खणकन वाजलं की मांड्या आपोआप जुळतात, अजूनही.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे न बघता ऐकलं, आणि मग दोन्ही वाटा समोर ठेवल्या. पूर्ण भूल हवी असेल तर थिएटरमध्ये करू; त्यासाठी फिटनेसच्या तपासण्या, उपाशीपोटी येणं, दिवसभर ॲडमिट. ओपीडीत करायचं तर दुर्बीण बारीक, चार मिलिमीटरच्या आसपास जाडीची. योनी उघडी धरायचं अवजार, स्पेक्युलम, लावत नाहीत, पिशवीचं तोंड चिमट्यात धरत नाहीत. सलाइनचं पाणी सोडत, त्या पाण्यानेच वाट उघडत दुर्बीण हळूहळू आत सरकवतात. ही पद्धत इटलीतल्या बारी शहरातले डॉ. बेत्तोकी यांनी नव्वदच्या दशकात रूढ केली. त्याच्याही कितीतरी आधी, १८६९ मध्ये, पँटालिओनी नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा जिवंत बाईच्या गर्भाशयात नळीतून डोकावून पाहिलं होतं. ती बाई साठीची होती, पाळी गेल्यानंतर रक्त जात होतं म्हणून आलेली, आणि तिला पॉलिप निघाला. हे मी नंतर घरी वाचलं तेव्हा त्या अनोळखी बाईबद्दल मला फार आपलेपणा वाटला. तिच्या वाट्याला काय दुखणं आलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

"आणि आमच्याकडे व्हीआरचा चष्मा आहे," मॅडम म्हणाल्या. "हवा असेल तरच. आधी बाहेर बसून लावून बघा, नाही आवडला तर नाही."

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, आभासी दुनिया; चष्मा म्हणजे पोरं गेम खेळायला लावतात तोच प्रकार. आत दोन भिंगं, त्यामागे पडदा, कानाला हेडफोन. सिस्टरनी आधी विचारलं की चक्कर येते का, गाडी लागते का, कधी फिट आली होती का. फिटचा त्रास असलेल्यांना तो देत नाहीत, आणि गाडी लागणाऱ्यांना फारशी हालचाल नसलेलीच दृश्यं देतात. मला घाटात त्रास होतो, म्हणून उडत जाणारी, वळणं घेणारी दृश्यं बाद झाली. उरलं जंगल, बर्फाचे डोंगर आणि समुद्राचा तळ. मी तळ निवडला. चेहऱ्याला लागतं तिथे सिस्टरनी कागदी आवरण बदललं, भिंगं पुसली. "ताई, केसांची क्लिप काढा, झोपल्यावर पट्ट्याखाली टोचेल." अंबाडा सोडून वेणी पुढे घेतली. टिकलीही काढून पर्समध्ये ठेवली, नाहीतर ती आतल्या फोमला चिकटते म्हणे. या बारीकसारीक गोष्टी त्यांना पाठ होत्या, त्यावरूनच मला जरा धीर आला.

चष्मा लावल्यावर पहिली काही मिनिटं छान वाटलं. निळं पाणी, वरून झिरपणारं ऊन, समोरून शांतपणे जाणारं कासव. मान वळवली की त्या बाजूचं दिसायचं. एक मोत्यासारखा गोळा हळूहळू फुगायचा आणि आक्रसायचा, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा आणि सोडायचा. आणि मग एकदम छातीत धडधडलं. मला खोली दिसत नव्हती. दार कुठल्या बाजूला आहे, कोण आत आलं, काही कळेना. मी चष्मा ओढून काढला.

सिस्टर घाबरल्या नाहीत. "काय झालं ते सांगा," एवढंच म्हणाल्या. मी अर्ध्या पडद्याची गोष्ट त्यांनाही सांगितली. त्यावर त्यांनी आणि मॅडमनी मिळून जे ठरवलं, ते मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. खोलीत मॅडम, सिस्टर आणि मावशी, एवढीच माणसं असतील. दाराला आतून कडी. शिकाऊ डॉक्टर असतील तर आधी मला विचारणार, मी नाही म्हटलं तर नाही. उजव्या कानावरचा हेडफोन थोडा मागे सरकवून ठेवायचा, म्हणजे मॅडमचा आवाज येत राहील. सांगितल्याशिवाय कुणीही अंगाला हात लावायचा नाही. आणि मी डावा हात वर केला की ताबडतोब थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

डोळे झाकलेल्या माणसाला न सांगता हात लावला तर तो दचकतोच. चष्म्याने भीती कमी होते असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं. ज्या बाईवर पूर्वी जबरदस्ती झालीय, किंवा टेबलावर जिला कुणी दटावलंय, तिच्या डोळ्यांवर पट्टा चढवणं ही साधी गोष्ट नाही. तिचा भोवतालच्या माणसांवर विश्वास बसला तरच ती त्या समुद्रात उतरू शकते.

तपासणीच्या दिवशी उपाशी राहायचं नव्हतं. उपमा खाल्ला, चहा घेतला, आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली. ही गोळी महत्त्वाची. चष्मा आहे म्हणून गोळी नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अर्थात कुठली गोळी चालेल ते डॉक्टरलाच विचारायचं. दमा, ॲसिडिटी, किडनीचा त्रास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत.

टेबलावर पाय वर अडकवून झोपले. कमरेवर चादर. सिस्टरनी चष्मा बसवला तेव्हा मला फक्त गढूळ हिरवं दिसत होतं. झोपल्यावर नजर छताकडे जाते आणि दृश्य मात्र अजून समोरच्या भिंतीच्या बाजूला राहतं, म्हणून. त्यांनी हातातल्या रिमोटवर काहीतरी दाबलं आणि अख्खा समुद्र फिरून माझ्या डोक्यावर आला. कासव आता वरून पोहत चाललं होतं, त्याचं पांढरट पोट दिसत होतं.

"आता मांडीला हात लावतेय," मॅडमचा आवाज. लावला. "आता पाणी सुरू करतेय, जरा गार लागेल." आणि खरोखरच पाणी आलं. तपासणीत ते सलाइन आत जातं तसं बाहेरही येतं, कमरेखालून ओघळत टेबलाखालच्या पिशवीत जमा होतं. एरवी त्या ओलेपणाची मला किळस आली असती, लाज वाटली असती. पण डोळ्यांसमोर सगळीकडे पाणीच होतं, त्यामुळे अंगाला लागणारं पाणी मनाने सहज त्यात धरून टाकलं.

मग दुखलं. यात मला गोडगोड काही लिहायचं नाही. पिशवीच्या तोंडातून दुर्बीण आत जाते त्या क्षणी ओटीपोटात जोराची कळ आली, पाळीच्या पहिल्या दिवशी यायची तशी, पण तिच्यापेक्षा धारदार. मोत्याचा गोळा फुगत होता आणि माझा श्वास अडकला होता. मी हात वर केला.

पाणी थांबलं. कुणी हलेना. मॅडम म्हणाल्या, "थांबलेय. तुम्ही सांगाल तेव्हाच पुढे." सिस्टरनी विचारून माझा दुसरा हात हातात घेतला. गोळा आक्रसला, फुगला, पुन्हा आक्रसला. कळ ओसरली. मी म्हटलं, "चालू द्या."

या एका थांबण्याने माझ्या आत काय झालं ते सांगणं अवघड आहे. इतक्या वर्षांपूर्वी त्या टेबलावर मी ओरडूनही कुणी थांबलं नव्हतं. इथे नुसता हात वर केला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्याच्या फोममध्ये मुरलं. ते दुखण्याचं नव्हतं.

पुढचं सोपं गेलं. मॅडमनी पॉलिप दिसतोय असं सांगितलं, लहान आहे, देठ बारीक आहे, याच बैठकीत काढू का? हो म्हटलं. दुर्बिणीच्याच नळीतून बारीक कात्री आणि पकड जाते. अस्तराचा तुकडा घेतला तेव्हा चिमटा बसल्यासारखं झालं. त्या वेळी मी एका माशांच्या थव्याकडे बघत होते, ते सगळे एकदम वळले आणि चंदेरी झाले, हे मला अजून स्पष्ट आठवतं. "झालं," असा आवाज आला तेव्हा मला वाटलं अजून निम्मं तरी बाकी असेल.

चष्मा काढल्यावर लगेच उठू दिलं नाही. पिशवीच्या तोंडाला धक्का बसला की काहींची नाडी मंदावते, बीपी उतरतं, गरगरतं. मलाही थोडं मळमळलं. मावशींनी पायाखाली उशी दिली, मग चहा आणि पार्ले बिस्किटं. पॅड लावून, बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांच्याबरोबर टॅक्सीने घरी आले. दोन-तीन दिवस थोडं लाल जात राहिलं. ताप आला, घाण वास आला किंवा रक्त वाढलं तर लगेच या, असं सांगितलं होतं. तसं काही झालं नाही.

घरी विसावल्यावर मात्र मला राहवेना. एका चष्म्याने हे कसं होतं, म्हणून शोधत बसले. वेदनेचा निरोप शरीराकडून मेंदूकडे जाताना वाटेत कमीजास्त होऊ शकतो, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडली. आपलं लक्ष मर्यादित असतं. ते दुसरीकडे खरोखर गुंतलं तर वेदनेसाठी कमी उरतं. अमेरिकेत सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाची एक आभासी दरी बनवली. ड्रेसिंग बदलताना रुग्ण त्यात शिरून बर्फाचे गोळे फेकत राहतो. भाजलेल्या माणसाला बर्फ देण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनोमन नमस्कार केला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचारालाही परवानगी दिली.

माझ्या तपासणीबद्दलचाच एक ब्रिटिश अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झालाय. ओपीडीत दुर्बिणीची तपासणी करून घेणाऱ्या ४० बायका, निम्म्यांना चष्मा, निम्म्यांना नाही. दहापैकी किती दुखलं, याचं सरासरी उत्तर चष्म्याविना ६ आणि चष्म्यासह ३.७ आलं. घाबरण्याचे आकडेही तसेच खाली आले. पण ४० म्हणजे फार थोड्या बायका, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. चष्मा तोच असला तरी एकीकडे दाराला कडी असेल आणि दुसरीकडे नसेल. ते आकड्यात कुठून येणार?

ब्रिटनमध्ये तर बायकांनीच आवाज उठवलाय की भूल न देता होणाऱ्या या तपासणीत आम्हाला फार दुखतं आणि ते आधी कुणी सांगत नाही. तिथल्या डॉक्टरांच्या संस्थांनाही मान्य करावं लागलं की आधी गोळी, बारीक दुर्बीण, आणि बाई म्हणेल तेव्हा थांबणं हे व्हायलाच हवं, आणि भूल देऊन करण्याची वाट तिला आधीच सांगायला हवी. आपल्याकडे ओपीडीतली गर्दी बघता हे सगळं मागणं कुणाला चोचले वाटतील. मला नाही वाटत. "आता हात लावतेय" असं सांगायला पैसे लागत नाहीत, दाराची कडीही फुकट लागते.

हॉस्पिटलने अभिप्रायाचा कागद दिला होता, त्यावर मी पाठपोट लिहिलं. चष्म्यातली बाई इंग्रजीत बोलत होती, तिच्या जागी मराठी आणि हिंदी आवाज द्या. माझ्या आधी गोवंडीहून आलेल्या एका आजींनी चष्मा लावलाच नाही, कारण आतून कोण काय बोलतंय ते त्यांना कळेना. त्या आजींना समुद्र नाकारायचा नव्हता. आणि परदेशी प्रवाळांबरोबर एखादा आपल्याकडचा किनारा ठेवा, तारकर्ली असो की मुरुड. खर्चाचा मुद्दाही लिहिला: महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत बायका दिवसभर रांगेत असतात, भीती त्यांनाही असतेच.

रिपोर्ट आला. पॉलिप साधा, अस्तरात कॅन्सर नाही. पुन्हा लाल दिसलं तर पुन्हा यायचं, एवढंच.

आता माझ्या ठाण्याच्या जाऊबाईंना हीच तपासणी सांगितलीय. त्यांच्या हॉस्पिटलात चष्मा नाही. त्या फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, जाऊबाई, चष्म्याचं राहू द्या, आधी गोळी कधी घ्यायची ते विचारा, खोलीत कोण कोण असेल ते विचारा आणि हात वर केला तर थांबाल ना, हे तोंडावर विचारा. त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले थांबू, आणि हेडफोन लावायचे असतील तर खुशाल आणा. त्यांनी मोबाइलमध्ये भजनं भरून ठेवलीत. येत्या गुरुवारी मी शाळेतून रजा घेतलीय, त्यांच्याबरोबर मीच जाणार आहे. आत बसू देतील का, ते उद्या फोन करून विचारते.